देवघरातला नापास गुण्या

मी एक जुना गुण्या आहे, मित्रांनो. लोखंडाचा, वीतभर लांबीचा, एका कडेला थोडा गंजलेला. तुमच्या कंपासपेटीत प्लास्टिकचा त्रिकोणी गुण्या असतो ना, त्याचा मी आडदांड काका. समोरचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे सांगणं, एवढंच माझ्या जातीचं काम. आणि नेमका माझाच काटकोन साठ वर्षं चुकलेला होता.

हे दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरे मला घडवणारे. बाकी सगळं घर मला हात जोडायचं. आपण खोटे आहोत हे माहीत असताना देवघरात बसून हळदीकुंकू लावून घेणं किती जड जातं, ते तुम्हाला काय सांगू! लोकांना वाटतं, लोखंडाला कसली आलीय चिंता. मला मात्र त्या देवघरात एक दिवस चैन पडली नाही.

माझे कर्ते गजानन वैरागडे. नागपूरहून भोपाळला आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. तिथल्या पिपलानी भागात कारखान्याची वसाहत नवी नवी उभी राहत होती आणि ते प्रशिक्षण शाळेत फिटरचं काम शिकत होते. परीक्षेसाठी प्रत्येकाने लोखंडाच्या तुकड्यातून कानशीने घासून एक गुण्या करायचा होता. गजाननांनी मला नऊ दिवस घासलं. त्यांच्या तळहाताला फोड आले, तरी ते खुशीत होते.

दहाव्या दिवशी उस्तादांनी मला हातात घेतलं. शिकवणाऱ्यांना सगळे उस्तादच म्हणत. त्यांनी आपला पक्का गुण्या मला चिकटवला आणि दोघांना खिडकीपाशी उजेडात धरलं. आमच्या दोघांच्या मधून केसाएवढी उजेडाची रेघ आली. तीच माझी चूक. उस्ताद रागावले नाहीत. मला परत देत एवढंच म्हणाले, "दुबारा बनाओ."

गजाननांनी मला दुरुस्त केलं नाही. त्यांनी दुसरा तुकडा घेतला, दुसरा गुण्या केला, तो पास झाला आणि तिथेच जमा झाला. मी नापास म्हणून त्यांच्या खाकी पँटच्या खिशात बसून घरी आलो. पुढे कधीतरी सुट्टीत नागपूरला गेले असताना त्यांनी एका जुन्या इमारतीच्या फाटकावर एक खूण पाहिली. वर कर्कटक, खाली गुण्या. त्यांना ती फार आवडली. परत आल्यावर त्यांनी टोकदार सळईने ती माझ्या पात्यावर कोरली. त्यात कसलाही खोटेपणा नव्हता, निव्वळ हौस होती.

माझी खरी कामाची वर्षं सांगू? ती सिंधूताईंच्या स्वयंपाकघरात गेली. गजाननांचं लग्न झालं आणि सिंधूताई पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आल्या. नारळाच्या वड्या थापल्या की त्या मला धुऊन पुसून घ्यायच्या आणि माझ्या कडेने सुरी चालवायच्या. वड्या किंचित तिरक्या पडत. एकाही वडीने तक्रार केली नाही आणि खाणाऱ्यांनीही नाही. मला आजही ते दिवस आठवले की बरं वाटतं. नापास असूनही मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो.

पण एका दिवाळीत शेजारचे तिवारीजी फराळाला आले आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

"अरे भाईसाहब, ये तो जादूघर वालों का निशान है! फ्रीमेसन! ये आपके पास कैसे आया?"

फ्रीमेसन ही एक जुनी बंधुसंघटना. त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, म्हणून लोक त्यांच्या इमारतीला जादूघर म्हणत. गजाननांना त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. पण खरं म्हणजे काय? "मी परीक्षेत नापास झालो, त्याचा हा तुकडा." नवी बायको समोर बशी घेऊन उभी. त्यांची जीभ घसरली.

"नागपूरच्या एका साहेबाने दिला वडिलांना," ते म्हणाले.

झालं! एकदा कूळ चिकटलं की ते वाढतच जातं. हेमंत, म्हणजे त्यांचा मुलगा, शाळेत गेला तोवर तो साहेब लॉजचा, म्हणजे फ्रीमेसनांच्या शाखेचा, मुख्य झाला होता. हेमंत दहावीला बसला तोवर मी बोटीने लंडनहून आलो होतो. मग गजाननांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की फ्रीमेसन आपलं मूळ थेट बायबलमधल्या सॉलोमन राजाचं मंदिर बांधणाऱ्या पाथरवटांपर्यंत नेतात. त्यानंतर पाहुण्यांसमोर मीही तिथपर्यंत जाऊ लागलो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दर वेळी माझं वय हजार वर्षांनी वाढायचं आणि मी आतून कासावीस व्हायचो.

सिंधूताईंचा नवऱ्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास. त्यांनी मला वड्यांच्या कामातून काढलं आणि देवघरात ठेवलं. दर खंडेनवमीला पाटावर पान्हे, पक्कड, स्कूटरची किल्ली मांडली जाई आणि मधोमध मी. इथेच सगळ्या फिटरांच्या घरात होते ती चूक आमच्या घरातही झाली. पूजेतलं हत्यार पुन्हा कुणी तपासत नाही. एरवी गजानन दर सोमवारी कारखान्यातला गुण्या तपासून मगच काम सुरू करायचे, पण मला त्यांनी कधी पारखलं नाही. पारखायची गरजच नव्हती म्हणा.

सात वर्षांपूर्वी सिंधूताई गेल्या. जाईपर्यंत त्या मला नमस्कार करत होत्या. त्यानंतर गजाननांनी देवघराकडे सरळ बघणं सोडलं. पूजा सून, अपर्णा, करू लागली.

हे सगळं असंच विरून गेलं असतं. पण घरात क्षितिजा होती.

क्षितिजा म्हणजे हेमंत-अपर्णाची मुलगी, गजाननांची नात. बारा वर्षांची असताना तिने माझ्यावरची खूण कागदावर उतरवली आणि तिचा शोध सुरू केला. तो काही केल्या थांबला नाही. आता ती नागपूरला इतिहासात पीएच.डी. करते आहे. विषय कुठला, तर अमेरिकेत निघालेल्या मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या सुरुवातीच्या लोकांना फ्रीमेसन संघटनेच्या उगमाबद्दल आणि प्रभावाबद्दल काय वाटत होतं! पिपलानीच्या मुलीने एवढ्या लांब जावं, ते माझ्या अंगावरच्या हौशी ओरखड्यामुळे. तुम्हीच सांगा, मला शांत कसं वाटावं?

या वर्षी ती नवरात्रात घरी आली. राणी कमलापती स्टेशनवर हेमंत तिला घ्यायला गेला. गजानन अजून त्या स्टेशनला जुन्या नावाने हबीबगंजच म्हणतात. जेवताना तिने आजोबांना समजावून सांगितलं. जेवणाचं टेबल देवघराला लागूनच आहे, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"आजोबा, ऐका ना. १८३० मध्ये मॉर्मन लोकांचा धर्मग्रंथ छापून आला. त्यात गुप्त टोळ्या शपथा घेतात आणि राज्यंच्या राज्यं बुडवतात, अशा कथा आहेत. त्या वेळी तिकडे फ्रीमेसनांविरुद्ध खूप हवा होती. बऱ्याच जणांना वाटलं, हा त्यांनाच टोमणा आहे. आणि मग १८४२ मध्ये त्यांचे पुढारी, जोसेफ स्मिथ, स्वतःच लॉजमध्ये दाखल झाले."

"म्हंजे आधी टोमणे हाणले न् मग त्यातच जाऊन बसले? असं काहून?" गजाननांनी विचारलं.

"तेच तर इंटरेस्टिंग है ना! त्यांच्या एका साथीदाराचं त्याच वर्षीचं पत्र आहे. त्यात म्हटलंय की फ्रीमेसनरी मूळच्या खऱ्या पुरोहितपदातूनच निघाली, पण पुढे बिघडत गेली. म्हणजे सॉलोमनच्या मंदिरात सगळं शुद्ध होतं, हातोहात येताना वाकडं झालं, आणि देवाने आता आम्हाला ते पुन्हा सरळ करून दिलं, असा त्यांच्यातल्या कित्येकांचा विश्वास होता. आजच्या इतिहासकारांना मंदिरापर्यंत जाणारा पुरावा काही सापडत नाही. मध्ययुगातल्या दगडकाम करणाऱ्यांच्या संघटनांपर्यंतच धागा जातो."

"जाऊ दे बाप्पा. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये," असं म्हणून गजानन ताटावरून उठले. त्यांनी पोळी अर्धी टाकली होती.

"पण मला शोधावंच लागेल, आजोबा. सोमवारी प्रबंध सरांकडे जाणार. पहिल्याच पानावर आपल्या गुण्याचा फोटो आहे. लॉजमधून आलेला, चार पिढ्या आमच्या घरात असलेला."

देवघरात मी गारठलो. या मुलीची चार वर्षांची मेहनत, आणि तिच्या पहिल्या पानावर मी! एखाद्या जाणकाराने मला भिंगाखाली धरलं तर? ओरखडा साध्या सळईचा आहे हे त्याला लगेच कळलं असतं आणि तिच्या बाकीच्या खऱ्या पानांवरही कुणी विश्वास ठेवला नसता. मला ओरडायचं होतं. पण गुण्याला तोंड नसतं, फक्त कडा असतात.

शेवटी त्या कडांनीच काम केलं. खंडेनवमीच्या सकाळी अपर्णाने क्षितिजाला सांगितलं, "पाटासमोर चौकोन आखून दे गं रांगोळीला." क्षितिजाला गंमत सुचली. म्हणाली, "गुण्यानेच आखते." तिने माझी मूठ, म्हणजे आखूड बाजू, पाटाच्या कडेला टेकवली, पात्याच्या कडेने खडूची रेघ ओढली. मग दुसऱ्या बाजूची आखणी करायला मला उलटवलं आणि त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ ओढली.

मित्रांनो, गुण्या तपासायची हीच रीत आहे. उलटवून आखलेली रेघ पहिल्या रेघेवर बसली तर गुण्या खरा. नाही बसली तर खोटा, आणि चूक दुप्पट होऊन दिसते. क्षितिजा चौथीत होती तेव्हा आजोबांनीच तिला हे शिकवलं होतं. साठ वर्षांनी मी पहिल्यांदाच उलटलो होतो. दोन रेघा वर जाताना एकमेकींपासून फाकल्या.

तिने पुन्हा आखून पाहिलं. पुन्हा तेच.

"आजोबा, हा बरोबर नाहीये."

गजानन खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला. क्षितिजानेच मग आपल्या परीने उत्तर शोधलं.

"पडला असेल कधी. मुळात बरोबरच असणार, लॉजचा आहे म्हटल्यावर. नंतर बिघडला. हो ना?"

केवढी सोपी वाट तिने उघडून दिली होती! नुसती मान हलवायची होती. मूळ शुद्ध, नंतर वाकडं. मोठमोठ्या माणसांना जी समजूत पटली, ती घरच्यांना पटली नसती का? गजाननांची मान हलायलाही लागली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या सिंधूताईंच्या फोटोवर गेली आणि मान तिथेच थांबली.

"नाही पोरी," ते म्हणाले. "तो मुळातच वाकडा होता. मीच केला तो. ट्रेनिंगमधे फेल झाला. खूणबी माझीच. कोणत्या साहेबाने दिला नाही न् लॉजमधून आला नाही. तुह्या आजीला सांगायचं होतं मले. राहूनच गेलं."

अपर्णाच्या हातातलं कुंकवाचं पंचपाळं तसंच राहिलं. क्षितिजाचे डोळे भरून आले. "चौथीत मी निबंध लिहिला होता याच्यावर! सगळ्या वर्गासमोर वाचला होता!" एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली. त्या वर्षी पाटावर पान्हे आणि पक्कड मांडली गेली. मी खडूच्या दोन रेघांशेजारी जमिनीवर पडून होतो. आता भंगारवाल्याची हाक कानावर येईल, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी गजाननांनी माळ्यावरून आपली जुनी हत्यारपेटी काढायला लावली. अंगणात बसून त्यांनी मला व्हाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या लोखंडी पकडीत, पकडलं आणि कानस हातात घेतली. आधी ते माझ्यावरची खूण घासून टाकायला निघाले होते. तेवढ्यात क्षितिजा बाहेर आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ती राहू दे, आजोबा. खोटी असली तरी तुमची आहे." ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "आणि मला सगळं नीट सांगा. किती दिवस घासला, उस्ताद काय म्हणाले. पहिलं पान पुन्हा लिहायचंय. लोक आपलं मूळ मागे मागे का नेतात, हेच तर मी चार वर्षं शोधतेय, आणि उत्तर आमच्याच देवघरात होतं."

"न् माझं नाव घालशील त्यात? फेल झाला म्हणून?"

"घालणार. पूर्ण नाव."

एक्याऐंशी वर्षांच्या हाताला कानस जड जात होती, म्हणून तिने वरून आपला हात ठेवला. दोघं मिळून दुपारपर्यंत मला घासत होते. लागलं का म्हणाल, तर लागलं. पण इतक्या वर्षांच्या नमस्कारांपेक्षा ते लागणं बरं होतं. मग क्षितिजाने पाट आणला, रेघ ओढली, मला उलटवलं आणि पुन्हा ओढली.

पाटासमोर एकच रेघ होती. गजानन चष्मा काढून खाली वाकले आणि रेघेवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "बनाया, उस्ताद."

आता मी देवघरात नसतो, क्षितिजाच्या टेबलावर असतो. ती माझ्या कडेने समास आखते. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, मित्रांनो, किंवा आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली एखादी गोष्ट. तिला हळदीकुंकू खुशाल वाहा. पण वर्षातून एकदा तिला उलटवूनही बघा. आणि वाकडी निघाली तर तिला फेकू नका, लपवूही नका. कानस आणा, आणि ज्याने ती घडवली त्याच्याशेजारी बसा.