वाघदऱ्याचं पेट्रोल

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात सोनखांबच्या सोसायटीचं इंजिन बंद पडलं. गावात पाणी धरून असलेली एकच विहीर, आणि तिच्यावर हे एकच इंजिन. पेट्रोलवर सुरू व्हायचं, रॉकेलवर चालायचं. त्याचा मॅग्नेटो जळला होता, ठिणगीच पडेना. सोसायटीचा मेकॅनिक सुग्रीव राजदूत मोटारसायकल घेऊन पुण्याला गेला. दोन दिवस दुकानं पालथी घातली, नवा मॅग्नेटो मिळवला, पोत्यात गुंडाळून कॅरिअरला बांधला आणि परत फिरला.

नगर सोडल्यावर मात्र पेट्रोल मिळेना. एका पंपाला कुलूप, दुसऱ्यावर फक्त सरकारी गाड्यांना. पाटोद्याच्या पुढं माळावर गाडी आचके द्यायला लागली. सुग्रीवनं ती आडवी पाडली, टाकीच्या तळातले थेंब नळीकडं उतरवले आणि आणखी दोन मैल काढले. मग गाडी पुरती थंडावली. ऊन डोक्यावर आलेलं. वाटेच्या कडेला बैलांचे सांगाडे पडलेले. गाडी ढकलत तो वाघदऱ्याच्या सोसायटीपुढं आला, तेव्हा त्याचे ओठ फुटून रक्त आलं होतं.

गोदामाच्या सावलीत सोसायटीचे सेक्रेटरी वैजिनाथअप्पा आणि राखणदार सटवा बसले होते.

"अप्पा, थोडं पेट्रोल हाय का? सोनखांबचा हाय मी. गावात तीन दिस झाले पाणी न्हाई."

"पाच लिटरचा डबा हाय," अप्पा म्हणाले. "आमच्याबी इंजिनाचा मॅग्नेटो जळलाय, बंदच हाय. पेट्रोल घिऊन काय करावं?"

"मग द्या की."

अप्पांचं लक्ष पोत्याकडं गेलं. ते उठले, गाठ सोडून आत बघितलं. दोन्ही सोसायट्यांनी एकाच दुकानातून एकाच जातीची इंजिनं आणली होती. अप्पांचा हात पोत्यावरून निघेना.

"सटवा," ते हळूच म्हणाले, "मॅग्नेटो हाय."

"ते सोनखांबचं हाय, अप्पा," सुग्रीव म्हणाला.

"तू आणिक एक आण पुण्याहून. डबा भरून देतो तुला. आमच्या विहिरीला आठ हात पाणी हाय, पर लई खोल. मोटंचे बैल मेले, काढावं कसं? काल एक म्हातारी दोर धरून उतरली आन् पडून मेली."

सुग्रीवनं पोतं ओढलं. सटवानं काठी उचलली.

"सोड बे!" सटवा ओरडला.

पहिलाच घाव सुग्रीवच्या खांद्यावर बसला. हाड कडकन वाजलेलं त्याला स्वतःला ऐकू आलं. डावा हात लोंबायला लागला. दुसरा घाव यायच्या आत त्यानं गाडीच्या पेटीतला मोठा पाना काढला आणि सटवाच्या तोंडावर हाणला. सटवा गुडघ्यावर बसला. तोंडातून दात आणि रक्त एकदमच आलं. तरी त्यानं सुग्रीवचा पाय धरला. सुग्रीवनं पुन्हा हाणलं, जबड्यावर. मग आणखी एकदा. त्या तिसऱ्या घावाची काही गरज नव्हती, हे त्याला मारतानाच कळलं. तरी हात थांबला नाही.

अप्पा भिंतीला टेकले होते. सुग्रीवनं पाना त्यांच्याकडं रोखला.

"टाकीत वता."

अप्पांनी पेट्रोल ओतलं, निम्मं बाहेर सांडलं. आरडाओरडा ऐकून बाया धावत आल्या. त्यांच्यात सटवाची बायको मनकर्णा होती. तिनं नवऱ्याला बघितलं आणि दगडच उचलला. गाडी सुरू होईपर्यंत सुग्रीवच्या पाठीवर चार दगड बसले.

पोतं पुढं टाकीवर घेऊन, एका हातानं गाडी हाकत तो दिवस मावळायच्या आत सोनखांबला पोचला. डावा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून, उजव्या हातानं त्यानं मॅग्नेटो बसवला. इंजिन धडधडलं. पाइपातून आधी गाळ आला, मग पाणी. हंड्यांची झुंबड उडाली. कुणीतरी सुग्रीवच्या गळ्यात टॉवेल टाकला, कुणी त्याला उचलायला आलं. खांद्याला हात लागताच तो किंचाळला.

सुग्रीवनं वाटेत घडलेलं सांगितलं, तसे सोसायटीचे चेअरमन गहिनीनाथराव हसत म्हणाले, "वाघदऱ्याच्या लोकायला चांगली अद्दल घडवली गड्या!"

"दादा, ट्रॅक्टरवर पिपं भरून तिकडं पाठवा."

"कावून? आपल्यालाच पुरंना."

"मी त्या मानसाला लई मारलं, दादा. जित्ता हाय का मेला, ठावं न्हाई."

"आपल्या गावासाठीच मारलं न्हवं तू? जा, हाड बसवून घे."

सुग्रीव इंजिनाजवळ गेला आणि त्यानं ते बंद केलं. पाण्याची धार तुटली. हंडे घेऊन उभी असलेली माणसं त्याच्या अंगावर आली. त्याच्या सख्ख्या चुलतभावानं, सिदूनं, त्याच्या थोबाडीत दिली. सुग्रीव मॅग्नेटोवर पाना धरून उभा राहिला.

"आणिक म्होरं आलात तर हे फोडीन. मग बसा समदेच."

त्याचे डोळे बघून गहिनीनाथरावांचं हसू मावळलं. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पिपं घेऊन ट्रॅक्टर वाघदऱ्यात शिरला. सुग्रीव ट्रॉलीत बसून होता. माणसं काठ्या घेऊनच आली होती, पण पिपं दिसताच काठ्या खाली झाल्या. सटवा गोदामापुढच्या बाजेवर पडला होता. जबडा फडक्यानं बांधलेला, एक डोळा सुजून मिटलेला. दुसरा उघडा होता. सुग्रीवला तो ओळखत होता.

मनकर्णानं घागर भरली. नवऱ्याच्या बाजेखाली नेऊन ठेवली, फडकं भिजवून त्याच्या ओठांवर पाणी पिळलं. मग ती ट्रॉलीपाशी आली.

"खाली उतर," ती म्हणाली.

सुग्रीव उतरला. तिनं चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली, गालावर, कानावर, मोडक्या खांद्यावर, दम लागेपर्यंत. तो ओरडला, पण हात आड आणला नाही. कुणी सोडवायलाही आलं नाही. सगळे पाणी भरत होते.

"आता जा," ती धापा टाकत म्हणाली. "आन् उद्या पिपं जास्तीची आन. सहात काय व्हतंय?"