एक पाकीट, दोघी जावा

पाळी बारा दिवस पुढे गेली तेव्हा थोरलीने लॉन्ड्रीतून तासाभराची सुट्टी काढली आणि दवाखाना गाठला. इस्त्रीच्या वाफेने ओला झालेला ब्लाउज अजून पाठीला चिकटलेला होता.

सिस्टरने लघवी तपासली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"अगं, तीन पोरं पुरे म्हणून तूच गोळ्या मागितल्यास ना? खाडा केलास का?"

"एका दिवसाचाही नाही. एक दिवस ती, एक दिवस मी."

"ती कोण?"

"धाकटी जाऊ."

मग थोरलीने सगळं सांगितलं. धाकटीचं बाळ आठ महिन्यांचं. ते चालू लागेपर्यंत तिला दुसरं नको होतं, पण सासूबाईंचा धोशा, "पाठोपाठ उरकून टाका." धाकटीला दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती आणि थोरलीच्या दवाखान्याच्या कार्डावर महिन्याला गोळ्यांचं एकच पाकीट मिळायचं. साबण, छत्री, बाहेर जायच्या चपला, सगळं दोघींत एकच होतं. चार महिने गोळ्याही तशाच वाटून घेतल्या, सकाळी डबे भरताना, सासूबाईंकडे पाठ करून.

"निम्मं तरी काम होईल, असं वाटलं," थोरली म्हणाली.

"असं निम्मं काम होत नाही गं. रोज घेतली तरच लागू पडते." सिस्टरचा आवाज खाली आला. थोरलीच्या कार्डावर चारही महिने 'गोळ्या चालू' असंच लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात. "मीही कधी विचारलं नाही, कशी घेतेस म्हणून."

थोरलीने पट्टीवरच्या दोन रेघांकडे पुन्हा पाहिलं. चौथं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"म्हणजे तिलाही दिवस राहिले असतील?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू? आजच घेऊन ये. आणि तुझं काय करायचं तेही बोलू. अजून वेळ आहे, पण ठरवायचं तू."

घरी धाकटी भांडी घासत होती. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"इतक्या लवकर कशी आलीस?"

"हिला दवाखान्यात न्यायचंय. मलाही परत जायचंय."

"दोघी? आणि स्वयंपाक?"

"आज तुम्ही बघा."

असं उत्तर त्या घरात आजवर कुणी दिलं नव्हतं. धाकटीचे हात भांड्यातच थांबले. थोरलीने सासूबाईंच्या मांडीवरून बाळ उचलून कडेवर घेतलं.

"चल गं. चपला तू घाल, मी लॉन्ड्रीतल्या स्लिपरवरच येते."