एक राखाडी, एक लाल

बेगिमायने पहिलं पोतं उघडलं, त्यातून सपातांचा एक जोड काढला आणि तो तसाच हातात धरून उभी राहिली. एक सपात राखाडी, तिच्यावर मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी. दुसरी लाल, तिच्यावर राखाडी शिंगं. तिने आणखी एक जोड काढला. तोही तसाच. उशांचे अभ्रे बघितले, खांद्याला अडकवायच्या पिशव्या बघितल्या. निम्मा माल राखाडी, निम्मा लाल.

आणि उद्या दुपारी चिनारा येणार होती.

चिनाराचं बिश्केकला दुकान. तिथलं दर्शनी भागातलं एक फडताळ रिकामं होणार होतं आणि ते इथल्या, कोचकोर गावच्या बायकांना द्यायचं की नाही, हे ती माल बघून ठरवणार होती. "सुट्या वस्तू मला नकोत," तिने फोनवर बजावलं होतं. "तशा बाजारात ढिगाने मिळतात. दारातून आत येणाऱ्याला लांबूनच कळलं पाहिजे, हे सगळं एकाच घरचं आहे." फडताळ मिळालं असतं तर इथल्या बायकांना उन्हातान्हात रस्त्याच्या कडेला बसून प्रवाशांची वाट बघायची पाळी आली नसती.

म्हणून तर बेगिमायने सगळं नीट आखलं होतं. लग्नाआधी ती शहरात हेच शिकली होती. तान्ही लेक सेझिम दुपारची झोपली की ती संगणक उघडून बसे. पोरगी कुशीत चुळबुळली की एका हाताने थोपटायचं, दुसऱ्याने रेघ ओढायची. सगळीकडे तेच शिंग, सपातेवर लहान, उशीवर मोठं. सगळीकडे जमीन राखाडी आणि नक्षी लाल.

"बुरुल एजे, हे काय झालं?"

एजे म्हणजे ताई, पण बुरुल एजे वयाने सगळ्यांची आजी शोभेल अशी. सेझिमला मांडीवर घेऊन ती तिला बोरसोकचा, तळलेल्या पिठाचा तुकडा चोखायला देत होती.

"काय व्हायचंय? छान झालंय की."

"मी राखाडी सांगितलं होतं. सगळं राखाडी."

"मग लाल कुठे जाणार होतं?"

बेगिमायला कापायची रीत आठवली. दोन रंगांचे नमदे, दाबून केलेले लोकरीचे जाड तुकडे, एकावर एक ठेवायचे, खडूने आखायचं आणि एकाच सुरीने दोन्ही एकदम कापायचे. लालातून निघालेलं शिंग राखाडीत बसवायचं, राखाडीतलं लालात. दर कापाला जुळी निघतात, चिंधीसुद्धा वाया जात नाही. तिची आई असंच कापायची. बेगिमाय स्वतः अशाच शिर्दाकवर, नमद्याच्या नक्षीदार सतरंजीवर रांगायला शिकली होती. पण संगणकावर राखाडी चौकोनात लाल शिंग काढलं की काम झालं. उरलेला लाल चौकोन तिथे कुणी हातात आणून देत नाही.

"आम्हाला वाटलं, घाईत एकच बाजू काढलीस," शिवत बसलेल्या बायकांतली झुमाकान दाताने दोरा तोडत म्हणाली. "तान्ह्या पोरीची आई. म्हटलं, बिचारीची झोप होत नसेल."

"अगं पण सपाता? एका माणसाला दोन रंगांच्या?"

"पाय दोनच असतात ना?" बुरुल एजे म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. बेगिमायला हसू आलं नाही. ते बघून एजेने आवाज उतरवला. "विचारायला हवं होतं, हे खरं. पण आम्ही कापायला बसलो त्या आठवड्यात सेझिमला ताप होता, पोरी. तू फोन उचलत नव्हतीस."

बेगिमायने लाल माल पोत्यात परत भरून पाहिला. उरलं ते एकसारखं दिसत होतं, पण सपाता सगळ्या एकाच पायाच्या उरल्या. सगळं उसवून पुन्हा शिवायला उद्यापर्यंत वेळ नव्हता.

तेवढ्यात सेझिम रडायला लागली. बेगिमाय तिला पाजायला भिंतीला टेकून बसली. बुरुल एजेने तुकड्यांतून तिच्यासाठी इवल्याशा सपाता शिवल्या होत्या, त्याही तशाच, एक राखाडी, एक लाल. दूध पिताना पाय एकमेकांवर घासायची सेझिमची सवय. पाय जवळ आले की शिंगाशेजारी शिंग येई, लांब गेले की दोन्ही सपाता चुकल्यासारख्या दिसत. बेगिमाय किती तरी वेळ ते बघत राहिली. पोरगी पिता पिता झोपली तरी तिने तिला खाली ठेवलं नाही.

"एजे, पिशव्या उसवू या. फक्त पिशव्या."

"का? पिशव्यांनी तुझं काय घोडं मारलं?"

"सपाता जोडीनेच जातात. उशाही दोन दोन देता येतील. पण पिशव्या कोण दोन घेणार? पुढून राखाडी, पाठीला लाल, अशा करू. प्रत्येक गोष्टीत दोन्ही हवेत. मी रंगाने एक घर करायला बघत होते. ते जोडीने होईल."

"हे आधी सांगितलं असतंस तर शिवतानाच केलं असतं," झुमाकान कुरकुरली. पण कात्री तिनेच पहिली उचलली.

दुसऱ्या दिवशी चिनारा आली. समोर आलेल्या चहाला हात न लावता तिने टेबलावरच्या सपाता उचलल्या.

"हे चुकून झालंय?"

बेगिमायने रात्रीच उत्तर घोकून ठेवलं होतं. ते तिला आठवेना. "सुरुवात चुकूनच झाली," ती म्हणाली आणि दोन नमदे एकावर एक ठेवून तिने सुरी चालवून दाखवली.

चिनारा दारापर्यंत गेली, तिथून वळून टेबलाकडे बघत राहिली.

"एक-दोघं तरी सपाता परत आणतीलच," ती म्हणाली. "मग मी उभी राहून सांगायचं, कसं कापतात ते."

"सांगाल?"

"सांगावंच लागेल. फडताळ देतेय ना." तिने आता चहा उचलला. "उशी मात्र एकेकटी विकणार नाही, कुणी कितीही मागू दे. आणि लहान मुलांच्या सपाता कुठायत?"

सगळ्यांनी सेझिमकडे बघितलं. तिच्या एकाच पायात राखाडी सपात होती.

"त्या विकायच्या नाहीत हं," बुरुल एजे घाईघाईने म्हणाली. "मापाला हव्या तर घ्या."

आणि बेगिमाय टेबलाखाली वाकून लाल सपात शोधू लागली.