मागच्या सीटवरची वाळू

या, असे जवळ सरका. लांब बसलात तर माझा आवाज पुरायचा नाही. आज एका टॅक्सीवाल्याची कथा सांगतो. तो ना संत, ना शूर. पण देवाच्या दरबारात अशांनाही बसायला जागा असते, असं मला मनापासून वाटतं.

किनाऱ्यावरच्या पहिल्या गावात गाडी थांबली, आणि त्याच्या लेकीनं बाहेरून काच ठोठावली. "बाबा, उतरा ना!"

"तू ये जाऊन. गाडीकडे कोण बघेल?"

"गाडीला काय पाय फुटणार आहेत?"

तो हसला, नुसत्या ओठांनी. टपावर सर्फिंगच्या फळ्या बांधून माणसांना या किनाऱ्यांवर आणायचं, सावलीत थांबायचं, परतताना प्रत्येकाच्या पायांवर बाटलीनं पाणी ओतायचं, यातच त्याचा जन्म गेला. गाडीत वाळूचा कण खपत नसे. बायको म्हणायची, "एकदा मलाही न्या." तो म्हणायचा, "सीझन संपू दे." सीझन संपला की गाडी दुरुस्तीला गॅरेजात जायची. या वर्षी सीझन संपण्याआधी बायकोच संपली.

तो रडला नाही. जेवत होता, झोपत होता, फेऱ्या मारत होता. आत सगळं लाकूड.

जाताना ती लेकीला म्हणाली होती, "माझं राहिलं ते राहिलं. त्यांना तरी पाण्यापर्यंत ने. हा माणूस जन्मभर समुद्राच्या दारापर्यंत जाऊन परत येतो." म्हणून ही आजची सहल.

दुसऱ्या गावात फळ्या भाड्यानं देणारा ओरडला, "काका, आज एकच पॅसेंजर?"

"लेक आहे."

"मग आज तरी बूट काढा!"

त्यानं काच वर केली.

तिसऱ्या गावात उन्हं कलली होती. त्यानं इंजिन बंद केलं आणि चक्क उतरला. लेकीला वाटलं, जिंकले. पण तो वळसा घालून डावीकडे गेला, मागचं दार उघडलं, आणि कुणाचं डोकं लागू नये म्हणून वरच्या कडेला हात धरून उभा राहिला. दवाखान्यात नेताना बायको तिथंच बसायची. "बाईसाहेबांना दार उघडा," म्हणून हसायची.

सीट रिकामी होती.

"बाबा..."

"हो," तो म्हणाला. हात निघेना. "उंच होती ना. लागायचं तिला."

लेकीनं दुसरा हात धरला. तो बुटांसकट पाण्यापर्यंत गेला. लाट आली, मोजे भिजले.

"मोठा आहे," तो समुद्राकडे बघत म्हणाला.

परतले तर दार तसंच उघडं, आणि मागच्या सीटवर वाऱ्यानं वाळू आणून टाकलेली. लेकीनं ब्रश घेतला.

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं गिऱ्हाईक कुरकुरलं, "अहो, मागे वाळू आहे!"

"पुढे बसा," तो म्हणाला.

एवढीच कथा. कधी समुद्रावरून परत निघालात, तर पाय झटकण्याआधी त्या उंच बाईची आठवण काढा. तिचं जायचं राहिलं होतं.