उलट्या दिशेची धाव

आयरीन मालेक गेल्या वर्षी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गिरीश-वसुधाच्या शेजारी राहायला आल्या. नव्वदी ओलांडलेल्या, एकट्या. थँक्सगिव्हिंगला वसुधाने त्यांना जेवायला बोलावलं. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलची, अंगावर धडका देत खेळायची मॅच चालू होती. ती बघता बघता त्या वडिलांची गोष्ट सांगू लागल्या.

फ्रँक मालेक आठवडाभर डेट्रॉइटच्या फाउंड्रीत लोखंड ओतायला राबायचा आणि रविवारी पैसे घेऊन फुटबॉल खेळायचा. शंभर वर्षांपूर्वीचा तो काळ. डोक्यावर चामड्याची टोपी, बाकी काही नाही. कुणी बेशुद्ध पडला, की नाकाशी अमोनिया धरायचे आणि पुन्हा खेळायला ढकलायचे. फ्रँक असा तिशीपर्यंत खेळला. एकदा डोक्यावर आपटून उठला, बॉल उचलला आणि चक्क उलट्या दिशेने धावत सुटला. प्रेक्षक हसून लोळले.

गिरीशही हसला. वसुधा हसली नाही. निवृत्त होईपर्यंत ती मेंदूविकारांची डॉक्टर होती.

"पुढे कसे होते ते?" तिने विचारलं.

"पुढे दारू," आयरीन म्हणाल्या. "चाळिशीतच जीभ अडखळायची, घरचा रस्ता चुकायचे, उगाच भडकायचे. आईने भर थंडीत घराबाहेर काढलं. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात होते, तिथेच वारले, तिथेच पुरलं."

"त्यांना पिताना पाहिलंत तुम्ही?"

आयरीननी काटा खाली ठेवला. "नाही. सगळे म्हणायचे."

"मी त्यांना तपासलेलं नाही, खात्रीने सांगता येणार नाही. पण डोक्याला वारंवार मार बसला, की न पिताही माणसाचं असं होतं."

गिरीशने टीव्ही बंद केला.

"म्हणजे आजारी माणसाला बाहेर काढलं आम्ही."

"तेव्हा हे कुणालाच कळत नव्हतं, आयरीन."

"त्यांना थंडी तर वाजलीच असेल ना."

वसंतात वसुधाने त्यांना ड्राइव्ह करून त्या इस्पितळाच्या जागी नेलं. इस्पितळ पाडलं होतं, दफनभूमी उरली होती. फ्रँकचा दगड गवतात खचलेला. आयरीन वसुधाचा खांदा धरून नुसत्या उभ्या राहिल्या. गाडीत बसल्यावर मुलाला फोन लावला.

"चर्चच्या दफनभूमीत आईशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा आहे, तिथे बाबांना आणायचं."

"मग तुझं काय, मॉम?"

"माझं नंतर बघू."

परवानग्यांमध्ये उन्हाळा गेला. ऑक्टोबरमध्ये फ्रँकला आणलं. पाद्री प्रार्थना म्हणत असताना आयरीन आईच्या दगडाकडे बघत होत्या.

"ती रागावेल," त्या वसुधाच्या कानात म्हणाल्या. "रागावू दे."