रोशनच्या फोटोतला रंग

"आला! रंग आला!"

बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये बसलेली सगळी माणसं एकदम ओरडली. समोरच्या मोठ्या पडद्यावर एका मेलेल्या पोराचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर खरोखर रंग चढला होता. गाल गव्हाळ, ओठ लालसर, शर्ट हळदीसारखा पिवळा. बायका हात जोडून रडायला लागल्या. बघता बघता रंग उतरला आणि पडद्यावर उरला तो नुसता काळापांढरा फोटो.

"पलक झपकी, आत्मा सटकी!" रंगबाबा माइकवर गरजला. "यमाच्या दारातून खेचून आणलं होतं पोराले! कोणीतरी पापणी लववली! आता पुढच्या बैठकीले या."

पडद्यावरचा पोरगा रोशन होता. सोयाबीन निघायच्या दिवसांत मुकुटबनहून मोटरसायकलवर येताना तो कोळशाच्या ट्रकखाली गेला. पुढच्या रांगेत जमिनीला डोकं टेकून रडणाऱ्या नलूबाई त्याच्या आई. त्यांना सावरत होती त्यांची थोरली लेक साधना, मारेगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. पलीकडे रोशनची बायको पायल बसली होती, पोटाशी हात धरून. तिला सातवा महिना होता.

साधना आली होती ती बाबाचं बिंग फोडायला. पण ती तशीच घरी परतली. रंग तिनेही पाहिला होता.

बाबाची रीत ठरलेली होती. मेलेल्याचा रंगीत फोटो आधीच चेल्याच्या मोबाइलवर पाठवायचा. बैठकीला दारं लावून अंधार करायचा. पडद्यावर आधी त्या माणसाचा 'यमलोकातला चेहरा' यायचा: निळा-हिरवा, भेसूर, नाकावर एक ठिपका. "ठिपक्यावर नजर गाडा! इकडं पाहिलं, गेला! तिकडं पाहिलं, गेला! हा वरचा करंट हाय, डायरेक्ट कनेक्शन!" लोक टक लावून जप म्हणायचे. मग घंटा वाजायची, चित्र बदलायचं आणि माणूस रंगात यायचा.

नलूबाईंनी उभ्या जन्मात दाराला लिंबू-मिरची बांधली नव्हती. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या. शेजारणीच्या अंगात आलं की तिच्या डोक्यावर पाण्याची कळशी ओतायला धावणारी ही बाई.

"आई, आपल्या घरात हे कधी नव्हतं," साधना म्हणाली.

"मी कुठी देव मानून राह्यली? मी माह्या पोराले पाहून राह्यली. तुले नाही दिसला का तो? खरं सांग."



पुढच्या बैठकीत बाबाने रंग न टिकण्याचं कारण शोधून काढलं. "सुनेच्या पोटातलं लेकरू बापाचा रंग खाऊन राह्यलं! सून पांढरं खाईन, तवाच पोरगा रंगात राहीन."

त्या दिवसापासून पायलच्या ताटातून वरण गेलं, पालक गेला, टमाटर गेलं. उरला नुसता भात, साबुदाणा आणि साखर. उपकेंद्रातून मिळालेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या नलूबाईंनी नालीत फेकल्या. साधनाने आईशी भांडण केलं, अबोला धरला, पाया पडून पाहिलं. शेवटी ती चोरून उकडलेलं अंडं घेऊन पायलकडे गेली.

पायलने अंडं परत केलं. "नको ताई. मी नाही खाल्लं आन् रंग टिकला तर?"

"तो येणार नाही पायल. तुले माहीत हाय."

"माहीत हाय. पण मी खाल्लं म्हणून नाही आला, असं मले जलमभर वाटत राहीन ना."

साधना अंडं घेऊन माघारी आली. महिनाभरात पायलच्या पापण्या आतून पांढऱ्या पडल्या. बाबा मेलेल्याला रंगात आणत होता आणि इकडे जित्या पोरीचा रंग चालला होता.

त्यानंतरच्या बैठकीत यमलोकातला चेहरा पडद्यावर असतानाच पायलला घेरी आली. साधनाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती पदराने वारा घालू लागली. घंटा वाजली. "रंग आला!" म्हणून आरडाओरडा झाला तशी साधनाने मान वर केली.

पडद्यावर काळापांढरा फोटो होता.

तिने डोळे चोळले. पिवळा शर्ट नाही, गव्हाळ गाल नाहीत. आजूबाजूला सगळे हुंदके देत होते, आई "रोशन, रोशन" करत होती आणि साधनाला एकटीला रंगाचा टिपूससुद्धा दिसत नव्हता. बाकीचे मघापासून ठिपक्याकडे टक लावून होते. तिने तेवढंच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली. रोशनचा रंगीत फोटो घेऊन तिने त्याची एक काळीपांढरी प्रत केली. दुसऱ्या प्रतीत रंग उलटे केले. त्यात पिवळा शर्ट निळा झाला आणि चेहरा निळा-हिरवा, अगदी यमलोकातल्यासारखा. नाकावर ठिपका काढून ती त्याकडे पाहत राहिली, पापणी न लववता. मग तिने काळीपांढरी प्रत समोर आणली.

रोशन आला. गव्हाळ, हसरा, पिवळ्या शर्टात. सगळं ठाऊक असूनही साधनाचा हात त्याच्या गालाकडे गेला. तोवर रंग उतरला होता. मग रिकाम्या वर्गात ती बराच वेळ रडली.

पुढच्या बैठकीत बाबाने "ठिपक्यावर नजर गाडा" म्हणताच साधना उठून उभी राहिली.

"सगळ्यांनी एक डोळा हातानं झाका! आई, तूपण. एकाच डोळ्यानं ठिपका पाहा."

"कोण हाय ही?" बाबा ओरडला. "एका डोळ्यानं पाहिलं तर आत्मा आंधळा होईन!"

पण आत्मा आंधळा होतो का ते पाहायला लोकांनी डोळे झाकले. घंटा वाजली, रंग आला.

"आता डोळा बदला! पाहत होता तो झाका, झाकला होता तो उघडा!"

एका डोळ्याला रोशन रंगीत दिसत होता, दुसऱ्याला काळापांढरा. लोक पुन्हा पुन्हा डोळे बदलून पाहत होते.

"फोटोत रंग नाहीच," साधना म्हणाली. "यानं तुमच्याच रंगीत फोटोतला रंग काढून टाकला हाय. निळ्याकडं टक लावली का डोळ्याची निळं पाहायची ताकद थकते. मग करडं काही समोर आलं का त्याच्यात उलटा रंग दिसते. घडीभरानं डोळा सावरते आन् रंग जाते. आत्मा येत असता तर दोन्ही डोळ्यांत आला असता ना?"

कोणी बाबाकडे चप्पल भिरकावली, कोणी पडदा ओढला. बाबा आणि चेला मागच्या दाराने जे निसटले ते थेट जीपमध्ये.

गर्दी पांगत असताना उकंडा नावाचा म्हातारा साधनापाशी आला. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती; बैठकीत बाबा तिलाही रंगात आणायचा.

"मॅडम, तुमचं बरोबर असन. पण मले ते दिसत होती. तुमचं काय जात होतं?"

उत्तराची वाट न पाहता तो निघून गेला. आठवड्याभरात कळलं, राळेगावकडे एका मंगल कार्यालयात बाबाच्या बैठकी पुन्हा सुरू झाल्या आहेत.

पायलला यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिला रक्त चढवलं. पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली, मूठभर वजनाची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाहू." आपल्या पोटचं लेकरू पायलला काचेबाहेरून पाहावं लागत होतं. सासूशी ती एक शब्द बोलत नव्हती.

नलूबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "साधना, फोटोत रंग नव्हता म्हणतं, तर मंग तो येत होता कुठून?"

"आपल्याच डोळ्यातून, आई."

नलूबाईंच्या चेहऱ्यावर किंचित आशा उमटली. "म्हंजे रोशन माह्या डोळ्यात हाय? थोडासा तरी?"

साधनाच्या ओठावर 'हो' आलं होतं. तेवढ्याने आईला रात्रीची झोप लागली असती. पण त्या एका 'हो'वरच तर बाबाने शेडभर माणसं बसवली होती आणि त्याच 'हो'ने पायलच्या ताटातलं वरण काढून घेतलं होतं.

"नाही, आई," ती म्हणाली. "तो नाही. नुसता डोळा थकते. रोशन गेला."

नलूबाईंनी तोंड पदरात घेतलं. साधनाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. याहून जास्त तिला काही करता येत नव्हतं.

गेलेलं माणूस परत आणतो असं कोणी म्हटलं, तर दुःखाने गळून गेलेल्याला 'नाही' म्हणायचं बळ राहत नाही. अशा वेळी जवळच्यांनी ते त्याच्यासाठी म्हणावं, आणि वेळेवर म्हणावं. नुसतं म्हणून थांबू नये. त्याच्याशेजारी बसून एकेक गोष्ट तपासून पाहावी. साधनाला ते कळलं तेव्हा पोरगी काचेच्या पेटीत होती.