चार बोटं वर

मयूरी सावेने लाल स्पोर्ट बाईक घेतली तेव्हा डहाणूच्या त्यांच्या चिकूच्या वाडीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "शाळेतल्या बाईने असं पोटावर झोपून गाडी चालवायची?" आई म्हणाली. पण मयूरीला ती गाडी कॉलेजपासून हवी होती. उधव्याच्या निवासी शाळेत ती गणित शिकवायची. गंजाड, चारोटी, मग हायवेने तलासरी आणि तिथून आत उधवा. जाऊन-येऊन रोजचे शंभरावर किलोमीटर.

सहा महिन्यांत तिचे हात बोलायला लागले. त्या गाडीचं हँडल इतकं खाली की सगळं अंग मनगटांवर यायचं. तलासरी येईपर्यंत बोटांना मुंग्या, मान आखडलेली. वाटेत दोनदा थांबून ती हात झटकायची आणि वर्गात फळ्यावर पहिलं गणित लिहिताना खडू सुटायचा. घरात रोज स्कूटीचं टुमणं. तीही जवळजवळ तयार झाली होती.

शाळेचा शिपाई भिका म्हणाला, "विकायच्या आधी एकदा जिव्याकाकांना दाखवा. तलासरीत, नाक्याच्या मागे पत्र्याची शेड आहे."

२०१९ चा जानेवारी होता. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती तिथे गेली. जिव्याकाका पंचावन्नच्या आसपासचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांनी गाडी स्टँडवर सरळ उभी केली आणि गाडीकडे बघितलंच नाही.

"बसा. आता हँडल विसरा. डोळे मिटा."

तिने मिटले.

"समोरून कोणी तुम्हाला भरलं ताट देतंय. घ्या."

तिला हसू आलं, पण तिने हात पुढे केले. हात गेले आणि एका जागी आपोआप थांबले. तिथे काहीतरी गुळगुळीत तळव्यांना लागलं. तिने मुठी वळल्या आणि वळताक्षणी खांदे खाली उतरले, मान सुटली. तिने डोळे उघडले. काकांनी तिच्या हातात बांबूची एक काठी दिली होती. जुन्या हँडलपासून चार बोटं वर आणि तीन बोटं तिच्याकडे.

"इथे दुखतं," काका म्हणाले. तिच्या मनगटाला हात न लावता त्यांनी अंगठ्याखालची जागा दाखवली. "आणि मानेत, डाव्या बाजूला जास्त."

डावी बाजू तिने डॉक्टरलाही सांगितली नव्हती.

"कुठे शिकलात हे?"

"माझा बाप कुऱ्हाडीचे दांडे करायचा. लाकूड नंतर बघायचा. आधी माणसाला समोर उभं करायचा." त्यांनी खडूने पत्र्यावर दोन रेघा ओढल्या. "आज नाही होणार. हँडल वर गेलं की ब्रेकची नळी तोकडी पडते. ओढून बसवता येते, पण वळताना ताण येईल. मी तसं देत नाही. लांब नळी मागवतो. पुढच्या शनिवारी या."

त्या आठवड्यात जमीन तीनदा हलली. नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धक्के चालूच होते. लोक घराबाहेर ताडपत्री बांधून झोपत होते आणि मयूरी झाडाखाली वर्ग घेत होती.

शनिवारी काकांनी हँडलचे खालचे दोन्ही सुटे तुकडे काढले, वरच्या पट्टीवर दोन पकडी बसवल्या आणि त्यात एक अखंड, वर वळलेला हँडलबार घातला. नवी नळी लावली, वायरी मोकळ्या फिरवल्या. मग इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, पूर्ण उजवीकडे वळवलं आणि कान देऊन उभे राहिले. इंजिनचा आवाज जराही वाढला नाही, म्हणजे वायर कुठे ताणली जात नव्हती. अंगठा टाकीत अडकत नाही हे त्यांनी स्वतःचा अंगठा घालून पाहिलं. शेवटचा बोल्ट आवळून त्यांनी इंजिन बंद केलं.

तेवढ्यात खालून दण्ण असा आवाज आला.

"बाहेर!" काका ओरडले.

दोघं धावत उघड्यावर आली. शेडमधले खिळ्यांना टांगलेले पाने एकमेकांवर वाजत होते, पत्रा थडथडत होता, बादलीतलं पाणी काठावरून सांडत होतं. मधोमध लाल गाडी स्टँडवर उभी होती आणि तिचं नवं हँडल एकटंच थरथरत होतं. मयूरीच्या चपलांतून ती थरथर वर येत होती, पोटऱ्यांत, पाठीत. कोणी ढकलत नव्हतं, वारा नव्हता, आणि दिसेल तेवढं सगळं हलत होतं. मग ते थांबलं. हायवेवरचा एक ट्रकसुद्धा वाजेना. पाने वाजायचे थांबले.

काका आत गेले आणि पहिल्या बोल्टपासून पुन्हा सुरुवात केली.

"आत्ताच तर आवळले, काका."

"जमीन हलली, मॅडम. मी आवळलेलं काय मोठं?"

तिने घरी फोन लावला; आई अंगणात सुखरूप होती. उधव्याला फोन लागेना. तिथे वसतिगृहात मुलं होती, भिंती आधीच तडकलेल्या. तिने काकांकडे पाहिलं. त्यांनी सगळे बोल्ट हाताने चाचपून गाडी बाहेर काढून दिली.

"सावकाश जा. नवं आहे, हाताला ओळख होऊ द्या."

तलासरी मागे पडली आणि तिला जाणवलं की ती ताठ बसली आहे. इतके महिने तिने या वाटेवर फक्त पुढचे दहा-बारा हात डांबर पाहिलं होतं. आता दोन्हीकडचं रान उघडं पडलं होतं. भाताच्या सुक्या खाचरांत माणसं उभी होती. पाड्यापाड्यांतून बाहेर आलेली सगळी माणसं, म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, दाव्याला धरलेली गुरं. कोणी रडत नव्हतं, कोणी पळत नव्हतं. डोंगरापर्यंत नजर जाईल तिथे लोक आपापल्या खाचरात उभे राहून पायांखाली बघत होते. एवढी माणसं या रानात राहतात हेच तिला माहीत नव्हतं. एवढं मोठं रान एकाच वेळी हललं होतं आणि पुन्हा स्थिर झालं होतं. गाडी आपसूक हळू झाली.

शाळेच्या मैदानात मुलं रांगेत बसली होती. भिका धावत आला. "सगळी बाहेर आहेत, मॅडम. मुलींच्या खोलीची एक भिंत पडली, पण आत कोणी नव्हतं."

तरीही तिने एकेक नाव घेतलं. एकशे बेचाळीस नावं, एकशे बेचाळीस "हजर". शेवटचं नाव झाल्यावर तिला कळलं की तलासरीहून येताना ती एकदाही थांबली नव्हती. बोटांना मुंग्या नव्हत्या, हातातलं पेन स्थिर होतं.

पाचवीतली शितल म्हणाली, "मॅडम, लांबून आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही. तुम्ही केवढ्या मोठ्या दिसत होत्या!"

मयूरी तिच्याजवळ मातीत बसली. शितलने आपला तळवा जमिनीवर टेकवला होता. तिच्या शेजारच्या मुलींनीही, आणि मागच्या रांगेनेही.

"काय करताय?"

"ऐकतोय," शितल कुजबुजली. "जमीन पुन्हा हलली तर आधी हाताला कळतं."

मयूरीनेही हात टेकवला. माती उन्हाने तापली होती. सगळं मैदान श्वास रोखून बसलं, आणि बराच वेळ हाताला काहीच जाणवलं नाही.